भांडता येईल इतकंच पळायचं

मी भांडकुदळ आहे. हे कौतुकाने सांगत नाहीये, पण लपवूनही उपयोग नाही. वडगावात कोर्टासमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे आणि निम्म्या तालुक्याने मला तिथे आवाज चढवताना ऐकलंय. मोबाइलमधला तिरका, अर्धवट कापलेला सातबाऱ्याचा फोटो पुढे करून "जरा सरळ काढून द्या" म्हणणाऱ्या माणसाशी गोड बोलणं मला या जन्मी जमणार नाही. पण याच स्वभावापायी मी पळायला शिकले, असं सांगितलं की लोक हसतात. हसू देत.

झालं असं, की डॉक्टरांनी साखर वाढलीय म्हणून सांगितलं आणि रोज चालायला बजावलं. मला चालण्याचा भयंकर कंटाळा. त्यापेक्षा पळू, लवकर संपेल, असा माझा सरळ हिशोब. आमच्याकडे वडगाव, तळेगाव, वराळे इकडच्या माणसांचा एक पळण्याचा ग्रुप आहे, पहाटे शेतातल्या रस्त्यांनी पळतात. गेले त्यांच्यात. पहिल्याच दिवशी कुत्रं मागे लागल्यासारखी सुटले आणि पहिल्या पुलापाशी माझा भाता झाला. पोटात कळ, तोंडाला कोरड, आता खाली बसावं की घरी फोन करावा, या विचारात होते. तेवढ्यात शेजारून एक बाई आली. पन्नाशीची, काटक, पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट, डोक्याला घट्ट रुमाल. सहज म्हणाली, "झेरॉक्सवाल्या ना तुमी? तुमच्याकडं पानं लय काळी येत्यात."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण बोलणार कशी? तोंडातून 'हं' आणि 'अहो' यापलीकडे काही फुटेना. तिला नीट सुनावता यावं म्हणून मी वेग कमी केला. मग श्वास जरा जागेवर आला, आणि मग मी तिला मूळ कागदच काळे असतात इथपासून शाईच्या दर्जापर्यंत सगळं यथासांग ऐकवलं. ती मधून मधून "असं व्हय?" एवढंच म्हणत होती. माझं म्हणणं संपलं तेव्हा आम्ही नदीवर पोचलो होतो. मी उभ्या आयुष्यात एवढं पळाले नव्हते. नंतर कळलं, की ती माझ्या दुकानाची पायरीसुद्धा कधी चढलेली नव्हती!

तर ही आमची ताई. वराळ्याची, शेतकरी घरातली, बसमध्ये कंडक्टर. तालुक्यातल्या आडगावच्या गाड्यांवर तिची निम्मी नोकरी झालेली. गाडी कितीही भरलेली असो, पुढच्या दारातल्या माणसाला मागच्या दारातून नुसत्या आवाजावर हलवायची. ग्रुपमध्ये बाकीच्यांच्या मनगटावर घड्याळं होती, छातीचे ठोके मोजणारी, टुकटुक करणारी. ताईचं माप एकच. भांडता आलं पाहिजे. पळताना पूर्ण वाक्यात भांडता येत असेल तर वेग बरोबर. शब्द तुटायला लागले तर जास्त झाला, कमी करा. आणि समोरचा नुसता डुलत, हसत, हवापाण्याच्या गप्पा मारत असेल तर तो अंगचोरपणा करतोय, वाढवा जरा.

यासाठी तिच्याकडे विषय तयार असायचे, आणि पळणाऱ्यांना वादाला विषय कमी नाहीत. चढाला चाललं तर ते पळणं धरायचं का? कानात गाणी घालून पळणं हे पळणं की करमणूक? पळताना ताकदीसाठी चोखतात तो परदेशी पुड्यांतला चिकट रस चांगला की लोणावळ्याची चिक्की? सगळ्यांनाच मिळतं ते मेडल भिंतीवर लावावं की नाही? बाहेरच्या माणसाला वाटेल, ही माणसं पहाटे उठून एवढ्याशा गोष्टींवर का जीव तोडतायत. पण आमच्यात यावरून दोन दोन दिवस अबोला झालेला मी पाहिलाय.

त्यात आबा म्हणजे ताईचं हक्काचं गिऱ्हाईक. आबा कारखान्यातून निवृत्त झालेले फोरमन, अतिशय सज्जन, पण घड्याळाचे गुलाम. पळून सगळे चहाच्या टपरीवर टेकले, की यांचं घड्याळ अंतर पुरं व्हायला जरासं कमी दाखवायचं. मग आबा टपरीभोवती गोल गोल पळायचे, आकडा पुरा होईपर्यंत. टपरीवाला ग्लास धरून त्यांच्यासोबत फिरायचा. ताई ओरडायची, "आबा, रस्ता तेवढाच हाये, तुमचं घड्याळ चोर हाये!" आणि आबा फिरता फिरता अंतर मोजणारा उपग्रह, आकाश, आड येणारी झाडी असं काय काय समजावत राहायचे. लक्षात घ्या, सगळ्यात शेवटच्या या फेऱ्यांतसुद्धा ते पूर्ण वाक्यात बोलायचे. ताईला तेच पाहायचं असायचं.

मला हे कळायला बरेच महिने लागले. एका रविवारी ती मला ठासून म्हणाली, चढाला चालणारा माणूस पळणारा नव्हेच. मी चालणाऱ्यांच्या बाजूने घसा फोडला. पुढच्या रविवारी तीच बाई आबांना सांगत होती, चढाला चालायला डोकं लागतं, बिनडोक माणूस पळतो. मी तिला तिथल्या तिथे पकडलं. "ताई, तुमचं खरं मत काय ते एकदाच सांगा!" तर म्हणते कशी, "माझं मत काय करायचंय? मला तुझा दम बघायचा व्हता." मी चिडले, मग हसत सुटले, मग मला इतकं भरून आलं की काही विचारू नका. या बाईने प्रत्येकाची दुखरी नस शोधून ठेवली होती, आणि ती फक्त त्याला सावकाश पळवण्यासाठी वापरत होती. असं कौतुक मी आयुष्यात फार थोड्या माणसांचं केलंय. तिच्या तोंडावर मात्र कधी केलं नाही, तिला डोक्यावर कोण बसवून घेणार!

मग गेल्या पावसाळ्यात, भाताच्या लावणीच्या दिवसांत, तिला ताप आला. अंगावर काढला, कामावर जात राहिली, आणि एके दिवशी गाडीतच कोसळली. न्यूमोनिया. दवाखान्यात नाकाला नळ्या लावून पडलेली ताई पाहिली आणि मी बाहेर येऊन पायरीवर बसून रडले. वाचली. पण घरी आली ती अर्धी होऊन, आणि आवाज गेलेला. म्हणजे यायचा, पण चार शब्द झाले की पाचव्यासाठी थांबावं लागायचं.

डेपोत साहेब भले होते. त्यांनी तिला आत टेबलावर काम दिलं, आणि म्हणाले, हवं तर कायमचं इथेच बसा, संक्रांतीनंतर मला पक्कं सांगा, गाडी की टेबल. दुसरं कुणी असतं तर पेढे वाटले असते. ताई एका संध्याकाळी माझ्या दुकानात आली आणि स्टुलावर बसली. मशीन चालू होतं ते मी बंद केलं. मग थांबत थांबत म्हणाली, "टेबलावर... मी मरंन गं. तितं... कुणी बोलतच न्हाई." तिला गाडी हवी होती. धूळ, गर्दी, म्हाताऱ्यांची गाठोडी, सुट्ट्यांवरची हुज्जत, ते सगळं हवं होतं. पण भरलेल्या गाडीत उभं राहून आवाज निघाला नाही तर काय, या भीतीने ती पोखरून गेली होती. डॉक्टर म्हणाले होते, फुप्फुसं आता स्वच्छ आहेत, बोलता येतंय तोवर हळूहळू पळा. त्यावर मात्र ती हसली. "एवढं शिकून... माझंच मला सांगितलं."

तेव्हाच तिने ठरवलं. भाज्याचा चढ. मळवली स्टेशनावरून निघून भाजे गाव ओलांडलं की रस्ता अंगावर येतो, तो थेट लोहगड-विसापूरमधल्या गायमुख खिंडीपर्यंत. आमच्या ग्रुपमध्ये या चढाला भलेभले गप्प होतात. तो चढ बोलत चढले तर गाडी मागणार, नाही जमलं तर टेबल. मी म्हटलं, हा काय वेडेपणा, बसमध्ये कुठे चढ असतो? म्हणाली, "मला कळंल ना. सायबाला... काय कळायचंय."

ती परत पळायला यायला लागली आणि मग आम्ही सगळ्यांनी मिळून जी माती खाल्ली, ती आमच्यासारखी माणसंच खाऊ शकतात. आम्ही तिच्याशी भांडायचं सोडून दिलं. दमू नये ना ती! पहिल्या दिवशी तिने आबांना डिवचलं, "आबा, घड्याळ... विकून टाका." आबा म्हणाले, "बरोबर आहे ताई, विकायलाच पाहिजे." कानात गाणी घालणारी पोरं म्हणाली, ताई, तुमचं पटलं हं. चिक्कीवाले, रसवाले सगळे एका माळेचे मणी झाले. ती काहीही म्हणो, चारी बाजूंनी हो, बरोबर, अगदी खरं. मीसुद्धा! मीसुद्धा मान डोलावत होते. तिने अर्धं वाक्य बोलायचं आणि उरलेलं आम्ही पुरं करून द्यायचं, असं चाललं होतं. तिचा दम वाढणार कुठून?

आठवड्याभरात ती दुकानात येऊन थडकली. डोळे लाल. "मी मेले न्हाई अजून. मेलेल्या माणसाला... असं सगळे बरोबर म्हणत्यात." तिचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं, आणि तेसुद्धा 'खरं आहे' म्हणायची सोय राहिली नव्हती. मी म्हटलं, "बरं, यापुढे मी भांडेन. रडायचं नाही मग." तेव्हापासून मी रोज पहाटे तिच्याशी मन लावून भांडले. ती चार शब्दांची सहा शब्दांवर आली, सहाची पूर्ण वाक्यावर आली. सपाटीला तर बरं चाललं होतं. पण चढ लागला, की गाडी बंद.

संक्रांत तोंडावर आली, तशी आम्ही मळवली गाठली. गारठा असा की बोटं वळेनात. फार्महाऊसवरचे राखणदार शेकोट्या करून बसले होते, त्यातला एक ओळखीचा आबांना म्हणाला, "आबा, एवढ्या थंडीत कुटं निगाला?" एक्सप्रेस वेवरचा पूल ओलांडून आम्ही भाज्यात शिरलो. ग्रुप पुढे निघून गेला, मागे आम्ही तिघं, ताई, आबा आणि मी. गावात असेपर्यंत ती बोलत होती. लेण्यांचा फाटा मागे पडला, रस्ता उभा राहिला आणि तिचा आवाज बंद झाला.

मी सगळे डाव टाकले. गाण्यांवर बोलले, मेडलांवर बोलले, पळायला येताना बांधलेल्या तिच्या त्या रुमालावरसुद्धा बोलले. ती फक्त हाताने 'चालू दे' म्हणायची. पाय पडत होते, बारीक बारीक, न थांबता, पण ऐकू येत होता तो फक्त श्वास. आबा माझ्याकडे बघायचे, मी आबांकडे. टेबल, टेबल, टेबल, एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं.

एका वळणावर वर पाहिलं, तर अख्खा ग्रुप थांबलेला. आमची वाट बघत. आणि आम्ही दिसताच सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. "शाब्बास ताई! सावकाश या ताई! आम्ही आहोत!" मी ताईच्या तोंडाकडे पाहिलं. एवढं पडलेलं तोंड मी तिचं दवाखान्यातही पाहिलं नव्हतं. आणि माझं डोकं सणकलं. मी खालूनच ओरडले, "अरे, थांबलात कशाला? निघा पुढे! ताईंचं काय मत आहे माहीत नाही का? मागच्यासाठी थांबायचं नाही!"

आबांना हे लागलं. एरवी पायाखालची मुंगी न मारणारा माणूस, पण तेही तापले. "अहो, असं कसं? माणुसकी आहे की नाही? माणूस मागे राहिला तर थांबायलाच पाहिजे."

"मुळीच नाही. ताईंनी मला स्वतः सांगितलंय. थांबायचं नाही म्हणजे नाही. मागचा राहिला मागे तर राहू दे, ज्याचं त्याने बघावं!"

"ताई असं बोलणारच नाहीत."

"बोलल्यात! पावसाळ्याआधी, इंदोरीच्या रस्त्याला. मी होते तिथे."

आम्ही दोघं तिच्या दोन्ही बाजूंना, पळत, तिच्या डोक्यावरून भांडत होतो. ती मध्ये आहे हे आम्ही विसरूनच गेलो होतो. नंतर ग्रुपमध्ये सगळे म्हणाले, काय डोकं चालवलंस, मुद्दाम उलटं बोललीस ना! देवाशप्पथ, नाही. मला खरोखरच तिचं मत तसंच वाटत होतं. एवढे महिने मी तेच धरून चालले होते, आणि तिची बाजू घेऊन भांडतेय, या समजुतीत घसा ताणत होते.

"ए बये!"

आम्ही दोघंही दचकलो. आवाज ताईचा होता. आणि तो भरल्या गाडीतला होता.

"मी कवा म्हणले राहू दे? थांबू नका म्हणले मी. थांबलं की मागच्याला वाटतं, माझ्यापायी सगळी खोळंबली, आन् त्यो दुसऱ्या दिवशी येतच न्हाई, किती मानसं अशी गेली आपल्यातनं, तुला दिसत न्हाई का? थांबायचं न्हाई, वळायचं! पुढं गेलेल्यानं परत खाली यायचं आन् मागच्यासंगं त्योच चढ पुन्हा चढायचा, म्हंजी त्याला कळतच न्हाई कोण पुढं आन् कोण मागं. एवढं साधं सांगितलं व्हतं तुला, आन् तू राहू दे कुटनं काढलंस त्यातनं?"

एका दमात. मी शेजारी होते, मी ऐकलंय. मध्ये ती एकदाही थांबली नाही, ना पायाने, ना तोंडाने.

वरच्या टाळ्या बंद पडल्या. मग पोरांतला एक जण वळला आणि उतरायला लागला. त्याच्यामागे दुसरा, तिसरा, सगळे. खाली आमच्यापर्यंत आले, वळले आणि आमच्यासोबत पुन्हा चढायला लागले. ताई बोलतच होती. आता आबांचा नंबर होता. तुमी तरी सांगायचं न्हाई का हिला, फोरमन व्हता ना तुमी, मानसं अशीच हाकली का कारखान्यात? आबा "अहो ताई, मी तेच तर" म्हणायचे आणि ती पुढचं सुरू करायची. शेवटचं वळण गेलं, थंड वारा तोंडावर आला, डाव्या हाताला विसापूर, उजव्या हाताला लोहगड, आणि आम्ही खिंडीत उभे होतो.

ती गुडघ्यांवर हात ठेवून वाकली. आम्ही सगळे गोळा झालो. कुणी पाणी पुढे केलं, कुणी "ताई, झालं, जमलं" म्हणालं. तिने वाकल्या वाकल्याच एक बोट वर केलं.

"गप. माझं झालं न्हाई अजून." सरळ उभी राहिली, डोक्याचा रुमाल सोडला, पुन्हा बांधला. "उद्या सायबाला सांगते, माझी गाडी द्या म्हणून. आन् तू." ती माझ्याकडे वळली. "मागच्याला राहू दे म्हणणारी मी हाये का? एवढी वर्षं माझ्याबरुबर पळतीस, आन् मला तू अशी समजलीस?"

माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, नाक पुसायला बाहीशिवाय काही नव्हतं, आणि सगळा ग्रुप बघत होता. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे भांडायला शब्द नव्हता.

"रडतीस काय?" ताई म्हणाली. "उत्तर दे!"